मूळ खातेदार

मांडवी, रत्नागिरी
९ मार्च २००४

हमीदला आपाचा सलाम.

कार्ड आलं. कुरिअरवाल्याने "ताजबी कोण?" असं विचारलं, मी म्हटलं मीच, तर तो एकदा माझ्याकडे आणि एकदा पाकिटाकडे बघत राहिला. बँकेचं काही माझ्या नावाने येऊ शकतं हे त्याला पटलं नसावं. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. कार्डावरची अक्षरं उठून आलेली आहेत. बोट फिरवलं की माझं नाव बोटाला लागतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मूळ कार्ड तुझं, मुंबईच्या नोकरीत असताना काढलेलं, आणि हे त्याला जोडलेलं ॲड-ऑन. दोहात बसून तू ते वापरणार नाहीस, आणि नुसतं पडून राहिलं तर नाव होत नाही. म्हणून दुकानाचा माल मी कार्डावर उचलायचा आणि बिल आलं की पूर्ण भरायचं. तुझ्या कंपनीतल्या केरळी अकाउंटंटने सांगितलं की कोण वेळेवर भरतो आणि कोण बुडवतो याची नोंद ठेवणारी कचेरी मुंबईत निघाली आहे, आणि पुढे कर्ज मागायला गेलं की बँक आधी ती नोंद बघणार. "आपा, तीन-चार वर्षं नीट चालव, दोघांचं नाव होईल." हे तुझे शब्द. पत्र डब्यात जपून ठेवलंय.

माझी अट एकच. अब्बांनी जन्मभर व्याज दिलं नाही आणि घेतलं नाही. या कार्डावर एक पैसा जरी व्याज लागलं तर मी ते कातरीने कापून चुलीत टाकीन. तू हसशील. पण याच जाळी-दोऱ्याच्या दुकानावर तुझं आयटीआय झालं, आणि दुकानात अब्बांनंतर मी बसत होते, तेव्हा हसायचं ते बेताने हस.

पत्र यासीनबरोबर देते, तो परवा दोहाला निघतोय. त्याच्याकडे सुक्या कोळंबीचे सोडे दिलेत. झोयाभाभीला वास सोसत नाही हे ठाऊक आहे. तिला खिडकी उघडायला सांग.

तुझी आपा

मांडवी
२१ सप्टेंबर २००४

हमीद,

रत्नागिरीत कार्ड घासायचं यंत्र मोजक्या ठिकाणी. एक पेट्रोल पंप, एक साड्यांचं दुकान आणि आपला भागोजी शेट, ज्याच्याकडून मी दोर आणि जाळी तरंगवायचे बोयरे उचलते. पेट्रोल मला लागत नाही, साड्या मी नेसत नाही, राहिला भागोजी शेट. पहिल्यांदा कार्ड पुढे केलं तेव्हा म्हणाला, "ताजबीबाय, ह्या खरा हाय ना?" मी म्हटलं, तुझ्या वजनकाट्यापेक्षा खरं.

बिल चार तारखेला येतं आणि भरायची मुदत चोवीस. आपला चेक मुंबईला जाऊन वटेपर्यंत दहा दिवस मोडतात, म्हणून मी बिल आल्याच्या दुसऱ्या दिवशीच चेक लिहिते. गणपतीत बँका बंद म्हणून या महिन्यात तर त्याच दिवशी टाकला. भागोजी शेट म्हणतो, थोडं थोडं भरलंस तरी चालतं, बिलावर कमीत कमी किती ते छापलेलं असतं. छापलेलं असतं खरं. उंदराच्या पिंजऱ्यातही खोबरं असतं.

अब्बांचा धर्म आणि तुझ्या अकाउंटंटचा सल्ला एकच निघाला याची मला मजा वाटते. पूर्ण भरा, वेळेत भरा, कुणाचं ठेवू नका. मनालला पापा दे.

बिल भरलं. व्याज शून्य.

आपा

मांडवी
३१ ऑगस्ट २००५

हमीद,

जुलै अखेरच्या पावसाचं तू टीव्हीवर बघितलंच असशील. घाट बंद, गाड्या बंद, कुरिअर बंद. बिल आलंच नाही. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बिल नाही तर भरायचं काय. मी भागोजी शेटकडच्या सगळ्या पावत्या काढल्या, बेरीज केली आणि तेवढ्याचा चेक टाकला. बिल पंधरा तारखेला भिजून आलं. बेरजेत एका रुपयाचा फरक नव्हता. दहा मिनिटं मी ते दोन कागद शेजारी ठेवून बघत बसले. माझ्या लग्नातसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता, आणि तलाकनंतर तर बेरीज जुळण्याचा प्रश्नच नव्हता.

तू सांगितल्याप्रमाणे मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यावर जात नाही. पंधरा हजार मर्यादा, तर पाचच्या आत.

आणखी एक. मी दुकानातही तुझ्या त्या नोंद ठेवणाऱ्या कचेरीसारखी वही सुरू केली आहे. कोण किती दिवसांनी देतो ते लिहिते. शिवाची कमळा दोन वेळा उशिरा आली, म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधी दोर मागायला आली तेव्हा मी दिला नाही. शिवा तापाने पडला होता म्हणे. ती म्हणाली, "बाय, सगळ्यांच्या होड्या सुटतील, आमची तेवढी किनाऱ्यावर ऱ्हायल." मी तिला वही दाखवली. तिला वाचता येत नाही, तरी दाखवली. त्यांची होडी नऊ दिवस उशिरा सुटली.

मला वाईट वाटलं नाही. नियम तो नियम.

बिल भरलं. व्याज शून्य.

आपा

मांडवी
४ नोव्हेंबर २००६

हमीद,

बँकेचा फोन आला होता. तुझ्या कागदांवर नंबर आपल्या घरचाच असल्यामुळे फोन मलाच येतात. बाई मुंबईची होती, गोड बोलली. तुमचा व्यवहार फार चांगला आहे, मर्यादा एक लाख वीस हजार करतो आहोत. मी विचारलं, कुणाचा व्यवहार? म्हणाली, हमीदसाहेबांचा. मी म्हटलं, बरोबर, साहेबांचाच.

बँकेने बक्षिसाचे पॉइंट दिलेत, त्यावर इस्त्री मिळते. ते व्याजात धरायचं का, असं मौलवींना विचारलं. त्यांनी दाढी कुरवाळत बराच विचार केला आणि इस्त्री कोणत्या कंपनीची ते विचारलं. इस्त्री मदरशाला दिली.

मी आता एकेचाळीस पूर्ण केली. दुकान बरं चालतं. गंगाराम शेट गाळ्याचं भाडं वाढवतो, पण माणूस वाईट नाही. कधी कधी वाटतं, हा गाळा आपलाच असावा. अब्बांपासून तीस वर्षं भाडं भरतोय, तेवढ्यात चार गाळे झाले असते. तू म्हणाला होतास ती तीन वर्षं भरत आली. नाव झालं असेल ना रे आता? पाटी लावायची झाली तर काय लिहायचं तेही मी ठरवून ठेवलंय, पण सांगणार नाही, तू हसशील.

बिल भरलं. व्याज शून्य.

आपा

मांडवी
१५ जानेवारी २००७

हमीद,

हे पत्र नीट वाच. तू माझी पत्रं चाळतोस हे मला माहीत आहे.

कमळा दुकानासमोरून जाता जाता म्हणाली, "शेट गाळा इकतोय गो. तुला नाय सांगितलन?" दीड वर्षात ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, आणि हे सांगायला बोलली. मी तशीच गंगाराम शेटकडे गेले. खरं निघालं. मुलं मुंबईला, त्यांना पैसे हवेत. सव्वाचार लाख. म्हणाला, "तुजा पयला हक्क, ताजबी. एप्रिलपर्यंत थांबतंय."

माझे पंच्याऐंशी हजार आहेत. बाकीच्यासाठी बँकेत गेले. भाविका नावाची पोर आहे तिथे कर्जाच्या टेबलावर, मुलगी मायाळू आहे. मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि तीन वर्षांची बिलं तारखेप्रमाणे लावून पुढे सरकवली. तिने आत जाऊन नोंद मागवली. दोन दिवसांनी बोलावलं. म्हणाली, "ताजबीमावशी, तुमच्या नावावर काहीच नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. तुम्ही तिथे नाहीच."

मी कार्डावरचं नाव दाखवलं. ती म्हणाली, ॲड-ऑनवाल्याची नोंद होत नाही. पैसे कुणीही भरो, खातं मूळ खातेदाराचं, नाव मूळ खातेदाराचं. तुमच्या भावाची नोंद मात्र आरशासारखी आहे. मग माझं तोंड बघून तिने मला बरं वाटावं म्हणून आणखी सांगितलं की, उलटही तसंच असतं मावशी, समजा उद्या कुणी भरलं नाही, तर ते बुडीतही तुमच्यावर येत नाही, मूळ खातेदारावरच येतं.

बाहेर पायरीवर बसले. कमळाला मी जी वही दाखवली होती ती आठवली. तिचं त्या वहीत वाईट का होईना, नाव तरी होतं.

तुला हे ठाऊक होतं की नव्हतं, मी विचारत नाही. माझं मागणं एवढंच की कर्जात तू माझ्याबरोबर सही कर. नोंद तुझी चांगली आहे आणि ती कुणी केली हे तुला माहीत आहे. हप्ता मी भरीन, आणि मी कशी भरते ते बँकेला माहीत नसलं तरी तुला माहीत आहे. गाळ्यासाठी व्याज द्यावं लागेल, त्याचा गुन्हा मी माझ्या डोक्यावर घेते. अब्बांना काय सांगायचं ते मी बघीन. गाळा गेला तर माझं काय राहतं, हमीद?

बिल भरलं. व्याज शून्य.

आपा

मांडवी
२ मार्च २००७

हमीद,

पत्राला उत्तर पत्राने द्यायची रीत होती. तू फोन केलास, तोही चार मिनिटांचा.

म्हणालास, तुझ्या नावावर आत्ता दुसरा बोजा नको, पुढचं काही बघायचं आहे. ठीक. मग म्हणालास, "आपा, तुला एकटीला असं किती लागतं?" मी फोन ठेवून बराच वेळ हिशेब केला. एकटीला सकाळचा चहा लागतो. दोन भाकऱ्या लागतात. कालवण शेजारणीकडूनही येतं. सकाळी उठून दुकानाची फळी काढायला लागते, नाहीतर दिवस कुठून सुरू करायचा ते कळत नाही. हे तुला किती वाटलं ते लिहून कळव.

बिल भरलं. व्याज शून्य.

आपा

मांडवी
२३ एप्रिल २००७

हमीद,

सगळं क्षेम. आंबा यंदा कमी. तुझ्या नावाचं बँकेचं जाड पाकीट आलंय, ते कपाटात ठेवलं आहे. तुझ्या खाजगीत मी कशाला डोकावू.

तुझा मेहुणा मुझम्मिल दुकानात आला होता. हातात टेप होता. मागची भिंत मोजलीन, दरवाजा मोजलीन, विजेचं बटण कुठे ते बघितलंन. मी म्हटलं, काय रे? म्हणाला, "अशीच." हल्ली मोबाइलच्या दुकानांना फार बरकत आहे असंही म्हणाला. मी त्याला चहा पाजला, आणि टेपचं दुसरं टोकही मीच धरलं.

गंगाराम शेट आता माझ्याशी बोलताना समुद्राकडे बघतो.

बिल भरलं. व्याज शून्य.

आपा

मांडवी
२८ जून २००७

हमीद,

होड्या वर ओढल्या. मंदी आहे. तब्येत ठीक. तुझ्या फोनची वाट बघितली, तुला मला काही सांगायचं असेल असं वाटलं. तू मनालचे मार्क सांगितलेस. चांगले आहेत.

बिल भरलं. व्याज शून्य.

आपा

मांडवी
३० ऑगस्ट २००७

हमीद,

परवा नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या. दोर चांगला गेला. बाकी काही नाही.

बिल भरलं. व्याज शून्य.

आपा

मांडवी
१६ ऑक्टोबर २००७

हमीद,

ईदच्या दिवशी तुझा फोन आला. मुबारक म्हणायचं तू विसरलास. "आपा, तू काय केलंस?" हेच तीनदा म्हणालास. आता क्रमाने सांगते, तुला नोंदी क्रमाने आवडतात.

एप्रिलमधलं ते पाकीट मी त्याच दिवशी किटलीच्या वाफेवर उघडलं आणि पुन्हा चिकटवलं. सातवीच्या इंग्रजीत जेवढं कळतं तेवढं कळलं. कर्ज मंजूर, तीन लाख चाळीस हजार. कशासाठी, तर मांडवीतला गाळा, विकणारे गंगाराम शेट. माझा गाळा. मी तीन वर्षं चेक टाकून जे नाव घडवलं, त्या नावावर तू माझ्या पायाखालची फरशी विकत घेत होतास, आणि तिथे मुझम्मिल मोबाइल विकणार होता.

मला फार लागलं, हमीद. एकदाच सांगते, पुन्हा सांगणार नाही. तू मला भाडेकरू म्हणून ठेवलं असतंस तरी मी राहिले असते. एप्रिल गेला, मे गेला, मी थांबले. तू एका फोनवर सांगितलं असतंस, आपा, गाळा मी घेतोय, तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुझं बिल भरलं असतं. तू मला दोहातला उन्हाळा सांगितलास.

त्याच पत्रात खाली लिहिलं होतं की पैसे खरेदीखताच्या दिवशी सुटतील, आणि त्याआधी नोंद पुन्हा तपासली जाईल. गंगाराम शेटच्या थोरल्या मुलाची सही मिळेना, म्हणून खत लांबत गेलं. तेवढा वेळ मला पुरला.

मे संपताना भागोजी शेटकडे गेले आणि एका दिवसात एक लाख वीस हजारांचा माल उचलला. दोर, बोयरे, नायलॉनची जाळी, शिसं. त्याने बँकेला फोन लावला. तिकडून लगेच होकार आला, गिऱ्हाईक उत्तम आहे म्हणे. मी घडवलेलं नाव मलाच उपयोगी पडलं. जूनचं बिल भरलं नाही. जुलैचं भरलं नाही. ऑगस्टचंही नाही. तुला लिहिलं ते खोटं लिहिलं. बँकेचे फोन येत होते, "हमीदसाहेब आहेत का?" मी म्हणायचे, परदेशी आहेत, निरोप देते. निरोप दिला नाही.

सप्टेंबरात तुझं नाव तपासलं गेलं आणि कर्ज फिरलं. गंगाराम शेट थांबेना, तुझा पन्नास हजारांचा बयाणा बुडाला. गाळा कोल्हापूरच्या एका माणसाने रोख घेतला, तिथे आता आइस्क्रीम मिळणार. तीस सप्टेंबरला मी फळी लावली ती कायमची. अब्बांचा स्टूल उचलून घरी आणला. गाळा तुला नाही, मलाही नाही. मला माहीत होतं की मलाही नाही. तरी केलं.

म्हणजे तुला वाटेल आपा वेडी झाली. नाही. मी आता उरलेला माल घेऊन घरच्या पडवीत बसते. नारळी पौर्णिमेच्या आधी, दुकान चालू असतानाच, कमळा घरी आली, अंगणातच उभी राहिली. मी तिला न मागता दोर दिला, जाळंही दिलं. म्हणाली, "वहीत लिव." मी म्हटलं, वही बंद केली. ती पैसे देईल न देईल. मला काय, दोर तुझा.

ईदच्या फोनवर मधेच मनालने रिसीव्हर घेतला. "फुपू, तुम्ही आमच्यावर रागावलात?" मी म्हटलं, तुझ्यावर नाही. ते खरं आहे, पण तिला त्याचा काही उपयोग नाही. तिच्यासाठी मला झोप लागत नाही, आणि तरी मी काही मागे घेत नाही.

काल वसुलीची दोन माणसं आली. धिप्पाड होती. मी शीरखुर्मा दिला. थोरल्याने विचारलं, कार्डावर नाव तुमचं दिसतंय. मी त्याला भाविकाचं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. ते मी तुला जानेवारीत लिहिलं होतं, पण तू पत्रं चाळतोस. त्याने मान हलवली आणि तुझा पत्ता मागितला. मी दोहाचा पत्ता, कंपनीचा फोन, आणि त्या अकाउंटंटचं नावही लिहून दिलं. "अक्षर चांगलं आहे तुमचं," म्हणाला. याच अक्षरावर तू पाटी गिरवलीस.

जुलैपासून बिलात व्याज येतंय, चार आकडी. अब्बांच्या घरात आलेले व्याजाचे पहिले कागद. शब्द दिला होता, म्हणून कार्ड कातरीने कापलं. चुलीत टाकलं नाही, घरात आता गॅस आहे आणि प्लास्टिकचा वास सुटतो. बँकेच्या नावाचा तुकडा या पाकिटात आहे. माझ्या नावाचा मी ठेवला.

मौलवींना या वेळी काही विचारलं नाही, उत्तर माहीत आहे. वर हिशेब होईल तेव्हा मलाही उभं करतील, या व्याजाचं काय, विचारतील. मी कार्डाचा तुकडा दाखवीन आणि म्हणेन, मी नुसती ॲड-ऑन. मूळ खातेदाराला विचारा.

ताजबी